सहावा भोपळा

"हाणाऽ बाबा!"

कृपाची ती आरोळी मला अजून ऐकू येते. छातीपर्यंत पाण्यात बुडालेली सतरा वर्षांची पोरगी, हातात दोरीचा लाकडी दांडा, पुढं बोटीत पाठमोरा बसलेला बाप. गाडीवानानं बैलांवर ओरडावं तशी ती ओरडायची. मग बोटीची मोटार खोकायची, निळा धूर सोडायची, आणि तलावाकाठच्या सगळ्या बगळ्यांना एकदम कुठंतरी जायचं आठवायचं.

मी हन्ना, कृपाची आत्या. तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते आणि केडगावला धाकट्या भावाच्या, याकोबच्या, घरी राहत होते. दर शनिवारी छत्री, भाकऱ्यांचं गाठोडं आणि तोंडभर टोमणे घेऊन मी पिंपळदऱ्याच्या तलावावर जायची. खोटं कशाला बोलू? मी त्यांना हसायला जायची.

हसू नये तर काय करावं! याकोबचा पुणे रस्त्यावर मोटारदुरुस्तीचा कारखाना. लढाईत लष्कराच्या ट्रका दुरुस्त करता करता त्याच्या अंगावर कोट आला आणि तोंडात 'ऑलराइट' आला. चव्वेचाळीस साली एक कप्तान ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला. जाताना त्यानं आपली छोटी बोट, तिची मोटार, लांब दोरी, पाण्यावर उभं राहायच्या दोन सागवानी फळ्या आणि एक इंग्रजी चित्रांचं मासिक याकोबच्या गळ्यात घातलं. दुसरा कुणी असता तर बोटीत कोंबड्या डालल्या असत्या. आमच्या याकोबनं मासिक उघडलं. त्यात एक गोरं कुटुंब, आई, बाप, पोरं, सगळी पाण्यावर उभी, सगळ्यांचे दात बाहेर.

"आक्का, आपणही असंच करायचं," तो म्हणाला. "सहकुटुंब."

बोट बैलगाडीवर घालून तलावावर नेताना वाटेत एक फळी खाली पडली आणि चाकाखाली गेली. मला वाटलं, सुटलो. पण मासिकाच्या शेवटच्या पानावर एकाच फळीवर उभा राहिलेला माणूस निघाला! पाण्यात डावी-उजवीकडं तरंगते गोळे सोडलेले, बोट मधून सरळ जाते आणि मागचा माणूस फळीवर तिरका होत होत एकेका गोळ्याला बाहेरून वळसा घालतो.

"बघ," याकोब म्हणाला, "एक फळी म्हणजे वरची इयत्ता."

खालच्या इयत्तेत नापास झालेला माणूस वरच्या इयत्तेत बसला, असं मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

गोळे कुठून आणायचे? तलावात मासे धरणारा खाजाभाई नूरमहंमद भोपळ्यांच्या सांगडीवर बसून जाळं टाकायचा. त्यानं सहा वाळके भोपळे दिले. तीन डावीकडं, तीन उजवीकडं, काथ्याच्या दोरीनं दगडाला बांधून सोडले. देताना म्हणाला, "याकोबभाई, आमी बुडू नये म्हनून भोपळा धरतो, आन तुमी त्याच्याभवती फिरून बुडनार. लई भारी."

आणि बुडाले की! माझी भावजय दया, अंगानं भरलेली, भक्तीनं त्याहून भरलेली, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून पाण्यात उतरली. दोरी ताणली तेव्हा तिनं "आमच्या स्वर्गातील बापा" सुरू केलं आणि "तुझे राज्य येवो" यायच्या आत ती पाण्याखाली होती. त्यांचा मुलगा गिदोन वीस वर्षांचा. तो केसांना तेल लावून यायचा आणि दुसऱ्या भोपळ्यापाशी केस सोडून सगळं हरवायचा. घराघरातून रॉकेलसाठी बायका बाटल्या घेऊन रांगेत उभ्या असताना आमच्या घरी कूपनांवर मिळालेलं कारखान्याचं पेट्रोल पाण्यावर जाळलं जात होतं. काठावर धुणं धुणाऱ्या भागूबाईनं त्यावर ओवी रचली होती आणि आम्ही दिसलो की मुद्दाम मोठ्यानं म्हणायची:

"केडगावची माणसं बाई, पाण्यावरी नाचतीऽ,
तेलाच्या धुरापायी माझी पातळं काजळतीऽ!"

वृत्त चुकलं नव्हतं. मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

एक कृपा मात्र पडायची ती उठायची. भावाची अर्धी विजार, वर शाळेचं पोलकं, वेणी मानेशी गच्च गुंडाळलेली. पहिल्या पावसाळ्यानंतर ती एक भोपळा वळली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर चार, मग पाच. वळताना ती पाण्यावर इतकी कलायची की तिचं कोपर पाण्याला लागायचं आणि फळीमागून पाण्याचा पंखा उसळायचा. माझ्या टोमण्यांत तेवढ्यापुरता खंड पडत असे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सहावा भोपळा काही तिला साधेना. पाचव्याशी जास्त लांब गेली की दोरी सैल पडायची आणि फळी बसायची.

सेहेचाळीसच्या दिवाळीत तिचं लग्न ठरलं. मुलगा जालन्याच्या बाजूला शिक्षक. जिथं नदीत आठ महिने वाळू असते अशा गावी. लग्न जानेवारीच्या आठ तारखेला.

"आत्या," ती मला म्हणाली, "तिकडं गेल्यावर पाणी फक्त हंड्यात. त्याआधी मला सहावा वळायचाच आहे. एकदा. मग काय वाटेल ते होवो."

नाताळ झाला तेव्हा शनिवार दोनच उरले होते, अठ्ठावीस डिसेंबर आणि चार जानेवारी.

आता त्या तलावावर जायच्या वाटेचं सांगायला हवं. पिंपळदऱ्याच्या चावडीपासून पाण्यापर्यंत गाडीवाट एकच. ती गावचे जमीनदार आबासाहेब यांच्या मोसंबीच्या बागेतून जायची. बागेच्या तोंडाशी लोखंडी फाटक, किल्ली आबासाहेबांच्या वाड्यावर. गावाचा रिवाज असा पडला होता की पाण्यावर जायचं तर आबासाहेबांना 'वाटेचा मान' द्यायचा. खाजाभाई दर बुधवारी हातभर लांबीची मरळ वाड्यावर पोचवायचा. भागूबाई वाड्यातली गोधड्या-चादरींची धुणी फुकट धुवायची. याकोब आबासाहेबांची मोटार फुकट दुरुस्त करायचा, वर हसून 'जी' म्हणायचा. ज्यानं मान दिला नाही त्यानं बांधाकडून दोन कोसांचा वळसा घ्यायचा, आणि वळशानं बोट काय, रिकामी गाडीसुद्धा जात नव्हती.

"तुला लाज कशी वाटत नाही रे?" मी याकोबला विचारायची. "साहेबासारखं पाण्यावर नाचायचं आणि पाण्यापर्यंत जायला सालगड्यासारखं वाकायचं?"

वाटेचा विषय निघाला की याकोब मोटारीचा प्लग काढून पुसत बसायचा. मी म्हणायची, कणा काढून पूस, तो जास्त मळलाय.

अठ्ठावीस तारखेला आम्ही फाटकाशी पोचलो तर आबासाहेब स्वतः उभे. रेशमी फेटा, हातात काठी.

"याकोब, आज हुरड्याला प्रांतसाहेब आलेत. त्यांना तुझा तो खेळ दाखवायचाय. पोरगी नको पण. पाव्हण्यांपुढं असली विजार घालून बाईमाणूस बरं दिसत न्हाई. आमचा बन्सी हुभा राहील."

बन्सी, त्यांचा मुलगा, मागं उभाच होता. डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात रुमाल.

"बन्सीराव कधी उभे राहिलेत फळीवर?" मी विचारलं.

"त्यात काय शिकायचंय, बाई?" बन्सी म्हणाला. "दोरी धरायची. बाकी मोटार करती."

मी याकोबकडं पाहिलं. कृपानंही पाहिलं. याकोब म्हणाला, "जी."

एवढंच. पोरीचा शनिवार त्यानं तंबाखूच्या चिमटीसारखा दुसऱ्याच्या तळहातावर ठेवला. फळी बन्सीच्या हातात देताना कृपानं तिचं पाय अडकवायचं रबर तेवढं घट्ट करून दिलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला होता की भाकऱ्यांचं गाठोडं मी दयाच्या अंगावर टाकलं.

प्रांतसाहेब काठावर जाजमावर बसले, हातात हुरड्याची वाटी. बन्सी पाण्यात उतरला, चष्म्यासकट. "चला!" म्हणाला. याकोबनं मोटार सोडली. बन्सीनं दोरी धरली आणि बाकी खरोखरच मोटारीनं केलं. तिनं त्याला पोटावरून वीस हात ओढत नेलं. दुसऱ्यांदा फळी वर आली आणि बन्सी खाली राहिला. तिसऱ्यांदा चष्मा तलावाला अर्पण झाला. दोरी मात्र तो सोडीना. इस्टेट सोडायची सवयच नव्हती घराण्याला.

काठावर त्याला ओकारी येईपर्यंत भागूबाई पदर तोंडात कोंबून बसली होती. मी तेवढंही केलं नाही.

"फळी वाकडी हाय!" बन्सी ठसकत म्हणाला. "आन हा बोट नीट हाकत न्हाई!"

"याकोब!" आबासाहेब गरजले. "मुद्दाम करतोस का रे?"

"जी नाही," याकोब म्हणाला.

प्रांतसाहेब हसू दाबत होते. त्यांनी विचारलं, "हे खरोखर कुणाला जमतं का, की नुसती चित्रातच?"

सांगडीवरून खाजाभाई बोलला. कुणी विचारलं नव्हतं. "ह्या पोरीला जमतं, साहेब. पाच भोपळे वळती. सहावाच ऱ्हायलाय."

"मग पाहू की," प्रांतसाहेब म्हणाले.

आबासाहेबांच्या कपाळाला आठी पडली, पण साहेबापुढं नाही कसं म्हणणार? कृपा तोवर पाण्यात उतरलीसुद्धा होती.

"हाणाऽ बाबा!"

बोट सुटली. पोरगी पाण्यातून अशी उठली की जणू तळातून कुणी तिला खांद्यावर घेऊन उभं केलं. पहिला, दुसरा. उजवीकडं कलली, पाण्याचा पंखा उभा राहिला. तिसरा. काठावर वाटीतला हुरडा तसाच राहिला. चौथा. भागूबाई ओव्या विसरली. पाचव्याशी ती नेहमीसारखी लांब गेली नाही, भोपळ्याला जवळजवळ घासून फिरली, दोरी ताणलेलीच राहिली, आणि सहावा समोर आला. ती आत झुकली. मीही झुकले, छत्रीसकट. फळीचं टोक भोपळ्याच्या वीतभर अलीकडं पाण्यात घुसलं, आणि कृपा उडून पलीकडं पडली.

वीतभर. वीतभर कमी पडलं.

प्रांतसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. कृपा फळी काखेत मारून काठावर आली. ती रडत नव्हती, दात वाजत होते. "कळलं मला," ती बापाला म्हणाली. "पाचव्याशी वजन मागं घ्यायला उशीर होतो. बाबा, पुढच्या शनिवारी होणार. शंभर टक्के होणार!"

"पुढचा शनिवार?" आबासाहेब म्हणाले. आता ते हसत होते, ते हसणं मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "साहेब, बघितलीत ना पोरासोरांची गंमत? झाली हौस. याकोब, बोट आत्ता गाडीवर घाल. आजपासून फाटकाला कुलूप. आमच्या वाटेनं येऊन आमच्याच पोराचा तमाशा केलात."

"एकदाच, आबासाहेब," कृपा म्हणाली. "आठ तारखेला माझं लग्न आहे."

"मग हळद लावून घरात बस की. आन खाजा, तुझी जीभ लई लांब झालीय. तू बी उद्यापास्नं बांधावरनं वळसा घालून ये. आन भागे, तू बी. लई हसू येत होतं न्हवं?"

खाजाभाईनं मान खाली घातली. भागूबाईनं पिळलेलं धुणं पुन्हा पिळलं. दोन कोस डोक्यावर ओल्या धुण्याचं ओझं, दोन कोस खांद्यावर मासळीची पाटी. प्रांतसाहेब वाटीत बघू लागले. वाट बागेतून जाते म्हणजे बागवाल्याची, त्यांना तरी काय ठाऊक असणार.

मी याकोबकडं वळले. 'जी' यायची वाट पाहत होते, आणि तो आला की काय बोलायचं ते दोन वर्षांचं एकदम जिभेवर गोळा झालं होतं. तो दोरी गुंडाळत होता, कोपर आणि अंगठा, कोपर आणि अंगठा. मध्येच थांबला. गुंडाळलेली दोरी त्यानं वाळूवर ठेवली. कोटाच्या बाह्या ओल्या झाल्या होत्या.

"फाटक तुमचं हाय, आबासाहेब," तो म्हणाला. "वाट तुमची न्हाई."

"काय म्हनलास?"

"पाटबंधाऱ्याच्या हापिसात भिंतीवर नकाशा हाय. तिथल्या वरसेरसाहेबाची फटफटी दुरुस्त कराया गेल्तो, तवा पाहिला. चावडीपास्नं पाण्यापत्तोर तांबडी रेघ हाय. दुष्काळी कामात केलेली सरकारी वाट. तुमची बाग तिच्या दोन्ही अंगाला हाय, वाट तिच्यात न्हाई. साहेबांनी मागवून बघावा."

प्रांतसाहेबांनी वाटी खाली ठेवली. आबासाहेबांची काठी वाळूत रुतत गेली.

"कधी पाहिलास रे?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

याकोबनं माझ्याकडं पाहिलं नाही, कृपाकडंही नाही. तो खाजाभाईच्या समोर जाऊन उभा राहिला.

"बोट आणायच्या आधीपास्नं ठाव हाय मला, खाजाभाई. दोन वर्षं झाली. तू मरळ घेऊन जाताना मी बघायचो. भागूबाई, तुमास्नी बी बघायचो. वाड्यावर गेलो की आबासाहेब मला ओसरीवर खुर्ची द्यायचे. ती जाईल, म्हनून बोललो न्हाई."