आवळता येईना तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी स्नायुपेशी आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या कानामागे, बारीक धमनीच्या भिंतीत माझे घर आहे. स्वस्थ बसणे मला ठाऊकच नाही. माझ्या अंगाला इवलीइवली दारे आहेत. ती उघडली की कॅल्शियम आत शिरते, मी आवळते आणि धमनी अरुंद होते. मिटली की मी सैल पडते. कौतुक मात्र सगळे हृदयाचे. आम्हाला कोण विचारतो?

बाईंचे वय वाढले तशी माझी दारे उठसूट उघडू लागली. आवळून आवळून, नाक नसूनही माझ्या नाकी नऊ आले. रक्तदाब चढत गेला. मग डॉक्टरबाईंनी गोळी दिली. तिच्यातले औषध दारांना अडसर घाली, कॅल्शियम बेताने येई आणि मी जरा विसावे.

पण गोळी मोठी होती, घशात अडके. बाईंची सून मायाळू. एका सकाळी ती म्हणाली, "आई, कुटून मधातून देते. पोटात जाऊन तिचं पीठच व्हायचंय ना?"

दिवसभर थेंबथेंब यायचे ते औषध लोंढ्यासारखे आले. एकामागून एक दारे अडली. तेवढ्यात बाई कापड बेतायला उभ्या राहिल्या. शेजारी इस्त्री तापलेली. माणूस उभे राहिले की आम्ही सगळ्या पेशी आवळतो, म्हणून रक्त डोक्यापर्यंत पोचते. आवळण्याची हाक आली. मी जिवाचा आटापिटा केला, पण आवळता येईना. बाई पडणार हे मला कळत होते आणि मी फार घाबरले. त्या कोसळल्या, पण सुनेने कमरेला धरून त्यांना जमिनीवर निजवले.

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "ही गोळी हळूहळू विरघळावी अशीच बनवलेली असते. कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं."

सून रडवेली झाली. "मग बंदच करते. नकोच ती."

"मनानं बंद करणं त्याहून वाईट. गिळता येईल अशी छोटी देते. आणि पुढच्या वेळी मला विचारा, खलबत्त्याला नको."

"तिला रागावू नका," बाई पडल्यापडल्या म्हणाल्या. "माझा घसा जपायला गेली बिचारी."

मित्रांनो, औषध कसे घ्यायचे ते विचारून घ्या. आम्हाला आतून ओरडता येत नाही. दुसऱ्या दिवशी औषध ओसरले, माझी दारे पुन्हा हलू लागली. सुनेचा हात धरून बाई उठल्या. मी आवळले. मग त्यांनी तिचा हात सोडला आणि त्या उभ्या राहिल्या.