मागच्या गाडीला वाट

फेब्रुवारीतल्या सकाळी थॉर्नबी फेनच्या ट्रॅकवर जी माणसं जमतात त्यांच्याबद्दल एडविन क्रॅडकचं मत वाईट होतं. तसं त्याचं कुणाबद्दलच चांगलं नव्हतं. जन्मभर तो लिंकन शहरात लोकांचे दात पाहत आला. ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं तोंड उघडं आणि बोलती बंद, ही त्याची संभाषणाची सवय. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाही.

युद्धाच्या काळातला विमानतळ, आता हौशी लोकांनी गाड्या पळवायची जागा, भोवती सपाट काळी शेतं, त्यावरून थेट समुद्राचा वारा. गवत पांढरं पडलेलं. अशा थंडीत जो येतो तो खरा, हे एडविनचं आवडतं वाक्य होतं, आणि आलेल्या प्रत्येकाकडे पाहून तो ते मनातल्या मनात मागे घेत असे. हा बघा, गाडी गेल्या महिन्यात घेतलेली आणि हातमोजे त्याहून नवे. तो बघा, गाडीच्या मागे एवढा मोठा पंख लावलाय की धुणं वाळत घालावं.

"सकाळी सकाळी कुणाला शिव्या देतोयस?" रॉडनीनं विचारलं. रॉडनी त्याचा जुना ट्रॅकमित्र. बेकनचा पाव खात तो एडविनच्या हिरव्या गाडीला टेकून उभा होता.

"गाडीला टेकू नकोस. तेलकट हात तुझे."

"हात पावाला लागलेत, गाडीला पाठ लागलीय. हेस्टर येतेय म्हणे?"

"येतेय." एडविननं खिशातली निळी कागदी पट्टी चाचपली. शेजारी बसणाऱ्याच्या मनगटाला बांधायची ती पट्टी. ती त्यानं सकाळी आल्याआल्या घेऊन ठेवली होती.

हेस्टर त्याची एकुलती मुलगी. सतरा वर्षांची झाल्यापासून दर हिवाळ्यात ती त्याच्या डाव्या बाजूला बसायची, हेल्मेटमधून गाणी म्हणायची, वळणांना तिनं नावं दिली होती. दोन हिवाळे झाले, ती बसली नव्हती. शेवटच्या वेळी तिनं "हळू, बाबा" म्हटलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. आणि दर वेळी त्यानं पाय आणखी दाबला होता. उतरून ती टायरांच्या ढिगामागे जाऊन ओकली. हा किस्सा एडविननं नंतर प्रत्येक जेवणाच्या टेबलावर नक्कल करून सांगितला. ती का येत नाही असं कुणी विचारलं की तो म्हणे, "नवऱ्यानं मऊ केली तिला."

तो नवरा तिच्याबरोबरच आला. ओवेन प्रिचर्ड, प्राथमिक शाळेतला मास्तर, वेल्सचा. गाडी घरचीच, मागे लांबलचक डिकी, सीटवर बिस्किटांचा चुरा. त्यांच्या छोट्या पोरीची गाडीतली खुर्ची तेवढी काढून गवतावर ठेवलेली. आणि चाकांना हिवाळी टायर. एडविननं ते पाहिले आणि कुणी देवळात चपला घालून शिरल्यावर करावा तसा चेहरा केला.

"हे घालून ट्रॅकवर उतरणार?"

"हो," ओवेन म्हणाला. "थंडीत मऊ राहतात."

"आजीबाई बाजाराला जाताना लावतात हे."

"त्या पोचतात ना पण, एडविन."

रॉडनीला पावाचा ठसका लागला. तो पाठ फिरवून खोकत राहिला. एडविननं जावयाकडे दुर्लक्ष करून खिशातली पट्टी काढली आणि लेकीपुढे धरली. "घे. तुझी जागा मोकळीच आहे."

हेस्टरनं पट्टी घेतली, पण बांधली नाही. कोटाच्या खिशात टाकली. "सकाळी तुम्ही कसे चालवता ते बघते, बाबा. बरं वाटलं तर दुपारी बसेन. खरंच बसेन."

"बघायचंय काय त्यात? आयुष्यभर पाहत आलीस."

"म्हणूनच," ती म्हणाली.

मग ट्रॅक सांभाळणाऱ्या ब्रेंडानं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. ब्रेंडा दर वेळी तेच सांगते आणि दर वेळी नवी चूक झाल्यासारखी रागावून सांगते. ही शर्यत नाही. घड्याळ लावायचं नाही. मागची गाडी तुमच्याहून जोरात असेल तर उजवा दिवा दाखवा, उजवीकडे राहा, तिला डावीकडून जाऊ द्या. वाट पुढच्यानं द्यायची असते, मागच्यानं हिसकायची नसते. "आणि आज जमीन बर्फ आहे. ज्यांचे टायर शर्यतीचे, गुळगुळीत आहेत त्यांनी आधी दोन-तीन फेऱ्या सबुरीनं. थंड टायर म्हणजे प्लास्टिक. कळलं?"

तिथे सर्वांत गुळगुळीत टायर एडविनचेच होते. त्यानं मान डोलवली, ती आपल्याला नव्हे तर इतरांना सांगितलं जातंय अशा थाटात. हेच प्रवचन तो स्वतः नवख्यांना न विचारता देत असे. हे टायर ऊब धरतात तेव्हा डांबराला गोचिडीसारखे चिकटतात, आणि गाडी उभी राहिली की पावाचा एक घास गिळेपर्यंत थंड होतात, वगैरे वगैरे.

सकाळभर त्यानं मात्र खरोखर सुरेख चालवली, हे मान्य करायला हवं. टायर तापेपर्यंत धीर धरला, मग सलग, कुठेही धसमुसळेपणा नाही. पंखवाल्याला सुद्धा त्यानं उजवा दिवा दाखवून जाऊ दिलं, दात चावत का होईना. कुंपणाशी उभ्या हेस्टरची लाल टोपी त्याला प्रत्येक फेरीत दिसत होती. म्हातारा चांगला वागत होता, कारण कुणीतरी पाहत होतं.

जेवणाला ती आपणहून त्याच्या शेजारी येऊन बसली. बटाट्याचे तळलेले काप दोघांनी एकाच कागदातून खाल्ले.

"छान चालवलंत," ती म्हणाली.

एडविननं शेवटचा काप तिच्याकडे सरकवला. "मग?"

"आधी ओवेनच्या गाडीतून थोडं फिरून येते. मग तुमच्याबरोबर."

"त्या आगबोटीतून? तो काय दाखवणार तुला? पोरांना रांगेत उभं करतात तसा वळणावर हात वर करेल."

"बाबा."

"बरं, बरं. जा. गंमत म्हणून जा."

ती गेली. एडविन चहा संपवून उठला. बेत साधा होता. ती येईपर्यंत दोन-तीन फेऱ्या सावकाश मारायच्या, टायर उबदार करून ठेवायचे, म्हणजे लेक बसेल तेव्हा गाडी कशी लोण्यासारखी वळेल. एवढा शहाणा विचार त्यानं बऱ्याच वर्षांत केला नव्हता. आणि तो जेमतेम अर्धी फेरी टिकला.

लांब सरळ पट्ट्यावर आरशात ती आगबोट दिसली. बिस्किटवाली. आजीबाईंच्या टायरांवर ती वळणामागून वळण जवळ येत होती, कारण तिचे टायर या थंडीसाठीच जन्मले होते आणि एडविनचे अजून झोपले होते. यात अपमान कुणाचाच नव्हता. उजवा दिवा दाखवायचा, उजवीकडे राहायचं, दोन सेकंदांचं काम. एडविनचा हात दिव्याच्या दांडीपर्यंत गेलाही, दिवा एकदा लुकलुकलाही.

पण आत मास्तर बसलेला. त्याच्या शेजारी हेस्टर. ती आता ओवेनकडे पाहून हसत असेल. बघ, तुझ्या बाबांना मागे टाकतोय.

"मर तिथेच," एडविन हेल्मेटमध्ये बोलला, दिवा बंद केला आणि हात परत स्टिअरिंगवर ठेवला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पुढच्या उजव्या वळणात त्यानं गाडी अशी घातली जशी भर उन्हाळ्यात घालतात. पुढची चाकं वळली. मागची चाकं मात्र आपल्या वाटेनं निघाली. आकाश, शेत, शेड, पुन्हा आकाश. मग पांढरं गवत खालून सर्रकन गेलं आणि टायरांच्या भिंतीवर गाडीचं नाक बसलं. फार जोरात नाही. पण ज्या आवाजासाठी तो इतरांना वर्षानुवर्षं हसत आला होता, तोच आवाज.

लांब डिकीची गाडी बरीच मागे होती. ती हळू झाली, बाहेरच्या बाजूनं अलगद निघून गेली. सगळीकडे लाल दिवे लागले.

ट्रॅक्टरनं त्याला ओढत आणलं तेव्हा सगळे चहाचे कप घेऊन पाहत उभे होते. पंखवाला तर विशेष सहानुभूतीनं पाहत होता, ते एडविनला गाडीच्या फुटक्या दिव्यांहून जास्त लागलं. ब्रेंडानं त्याचं डोकं, मान, हात चाचपले, आज आता पुरे म्हणाली.

आगबोटीचं उजवं दार उघडलं. चालकाच्या जागेवरून हेल्मेट काढत हेस्टर उतरली. डावीकडून ओवेन.

एडविन बघतच राहिला. "तू चालवत होतीस?"

"थोडं फिरून येते म्हटलं होतं ना. लागलं का कुठे?"

"नाही." त्यानं पाय हलवून दाखवले. "तू एवढी मागे कशी होतीस? आधी तर चिकटली होतीस."

"तुमचा दिवा एकदा लागला आणि विझला. ते मला दिसलं. मग मी अंतर ठेवलं." तिचा आवाज शांत होता. "तुम्ही वळणात सुटणार हे मला कळलं, बाबा. नाहीतर तुमच्या गाडीवर आदळले असते मी. आमची पोर घरी आहे."

ओवेन गवतावरची पोरीची खुर्ची उचलून गाडीत बसवू लागला. त्याला बोलता आलं असतं, बोलायला आज सगळं रान मोकळं होतं, आणि तो पट्टे ओढत बसला. एडविनला त्याचा एवढा राग कधीच आला नव्हता.

"मला काय ठाऊक तू आहेस," एडविन म्हणाला. "मला वाटलं तो आहे. तू आहेस हे कळलं असतं तर मी वाट दिली असती. देवाशपथ, हळू झालो असतो."

हेस्टर त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. राग असता तर त्याला जमलं असतं.

"तीनदा हळू म्हटलं, तेव्हा तर मी तुमच्या शेजारीच बसले होते," ती म्हणाली.

तिनं त्याच्या गालावर ओठ टेकले, हेल्मेट डिकीत ठेवलं आणि गाडीत जाऊन बसली. ते दोघं फाटकातून बाहेर पडले तेव्हा अजून लख्ख उजेड होता.

रॉडनी दोन कप चहा घेऊन आला. एक एडविनच्या हातात दिला. "बसली नाहीच का शेवटी?"

"नाही."

"मास्तरानं नको म्हटलं असेल. मऊ आहे तो."

एडविननं चहाचा घोट घेतला. तो आणेआणेपर्यंत थंड झाला होता. "नाही रे," तो म्हणाला. "माझ्यामुळे."