विसरलेली उडी

मामाची पोरगी भाच्याला द्यायची, ही आमच्याकडची जुनी वहिवाट. त्यामुळं माझी धाकटी बहीण अंजना पाळण्यात असतानाच तानुआत्याच्या नाथाजीला दिल्यात जमा होती. पण एकोणऐंशी साली नाथाजी मुंबईहून रहिमतपूरला आमच्या यात्रेला आला आणि घोडं पेंड खायला लागलं. आमच्या आबांना जावयाचा धंदाच कळेना.

"कंपायलर लिवतोय, मामा."

"आरं, पर त्यो पिकतोय कुटं?"

नाथाजीनं समजावलं. माणूस सी नावाच्या भाषेत लिहितो, 'भूक आहे तोवर वाढ.' मशीनला 'तोवर' कळत नाही. तिला एक काम सांगावं, तपासायला सांगावं, अमक्या ओळीवर उडी मार म्हणावं, एवढंच समजतं. त्या 'तोवर'चे असे बारके हुकूम करून देतो, तो कंपायलर.

"दाव करून," आबा म्हणाले. "पटलं तर सुपारी फोडू. न्हाईतर अंजीला दुसरं स्थळ बगतो."

आत पोळ्या लाटणाऱ्या अंजनाचं लाटणं थांबलं.

यात्रेच्या मटणाच्या पंगतीत दाखवायचं ठरलं. मशीन झाले केरबाकाका. फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. हुकमापलीकडं डोकं चालवणं त्यांना गुन्हा वाटे. नाथाजीनं त्यांच्याकडून पाठ करून घेतलं: पळीभर रस्सा वाढ. 'अजून?' असं विचार. हो म्हटलं तर मागं उडी मारून परत वाढ. नको म्हटलं तर पुढच्या पानावर जा.

"प्रश्न शेवटी ठेवला की दर फेरीला एक उडी वाचते," तो मला ऐटीत म्हणाला. दीडशहाणा मेला.

पंगत झकास चालली. तालमीतली पोरं 'हां, हां' करत द्रोण रिकामे करत होती आणि केरबाकाका न चुकता मागं उडी मारत होते. आबासुद्धा मिशीत हसले. आबा माळकरी, मटणाला शिवत नाहीत. पुरणपोळीची वाट बघत ते पंगतीच्या टोकाला जरा सरकून बसले होते. केरबाकाका पान घेत घेत त्यांच्यापाशी पोचले आणि दुधासाठी ठेवलेल्या कोऱ्या द्रोणात त्यांनी लालभडक रस्सा ओतला. मग अदबीनं विचारलं, "अजून?"

आता सुपारी राहिली बाजूला, आबा नाथाजीचं डोकं फोडणार.

"केरबा, माळ दिसंना व्हय रं?"

"आधी वाढ, मग इचार. हुकूम तसाच हाय, आबा."

नाथाजी पांढराफटक पडून उठला. "मामा, काकांची चूक न्हाई. प्रश्न शेवटी ठिवला की सुरवातीला, वाढायच्या आधीच, सरळ प्रश्नावर उडी मारायची असती. मग ज्याला नको त्याला थेंब बी पडत न्हाई. ती पयली उडी मी इसरलो."

आबांनी द्रोण लांब सारला. "म्हंजे न इचारताच वाढलंस."

"व्हय."

"आन् आमच्या अंजीला तरी इचारलंस का?"

तिला कुणीच विचारलं नव्हतं, आबांनीसुद्धा. मला तरी माझ्या लग्नात कुणी विचारलं होतं? असा राग आला मला त्या अख्ख्या पंगतीचा!

अंजना पोळ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती. नाथाजी सगळ्यांसमोर तिच्याकडं वळला. "अंजना, मी चालंन का तुला?"

तिनं ताट माझ्या हातात दिलं. केरबाकाकांची बादली उचलली, नाथाजीला नजरेनंच खाली बसवलं आणि त्याच्या द्रोणात एक पळी ओतली.

"अजून?"

"हां."

दुसरी ओतली. "अजून?"

"हां."

द्रोण भरला, रस्सा पत्रावळीवरून त्याच्या मुंबईच्या पँटीवर उतरला. तो 'हां' म्हणायचा थांबेना, ही वाढायची थांबेना.

"विजे, सुपारी आण," आबा मला म्हणाले. "आन् ह्या येड्याला इचार, ह्यातनं भायर पडायची उडी लिवलीया का न्हाई."

नाथाजीनं भरल्या तोंडानं मान हलवली. लिहिली नव्हती.