एकेचाळिसावं पान

संगणकाला वाचून शहाणं व्हायला शिकवायचं, हे तिचं काम. तो अखंड इंटरनेटवरची पानं वाचायचा आणि त्यातून आपलं आपणच ज्ञान गोळा करायचा: अमुक शहर अमुक नदीकाठी, तमुक यंत्र तमक्याने शोधलं. चुका काढायला ही. ऑफिसात तिला सगळे बाई म्हणत आणि संगणकाला बाईंचा ढ विद्यार्थी.

या ढ विद्यार्थ्याने एके दिवशी लिहिलं, की दवाखान्याच्या खाटेला पायाने लावायचा ब्रेक एका मोठ्या दवाखान्याच्या साहेबांनी शोधला. खात्री शंभरात नव्वद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो ब्रेक तिच्या वडिलांचा होता. ते त्या दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. साहेबांनी लेख लिहिताना फिटरचं नाव गाळलं आणि पुढे इंटरनेटवर चाळीस जणांनी तोच लेख डोळे झाकून उतरवला.

दुरुस्ती स्वतःच्या माहितीवरून करायची नाही, लेखी पान दाखवायचं, असा नियम होता. नियम बरोबरच, नाहीतर जो तो आपल्या काकाला शोधक करून ठेवेल. मग तिने एक्क्याऐंशी वर्षांच्या वडिलांना विचारून सगळं लिहून काढलं आणि एकेचाळिसावं पान इंटरनेटवर टाकलं: हा ब्रेक साहेबांचा नाही, माझ्या वडिलांचा. जिवंतपणी त्यांना ते कुठेतरी खरं झालेलं दिसावं, एवढंच तिला हवं होतं.

संगणकाने पान वाचलं. साहेबांबद्दलची खात्री ब्याण्णव झाली.

तिने चिडून दुसरं पान लिहिलं, त्यात साहेबांना नाव घेऊन घेऊन धुतलं. खात्री पंचाण्णव. तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. हा गाढव भांडण वाचतच नव्हता. साहेब आणि ब्रेक किती वेळा शेजारी आले, तेवढंच मोजत होता. इतकी वर्षं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी, आणि वर स्वतःच्याच पायावर धोंडा.

उपाय सोपा होता. दोन्ही पानं काढून टाकायची आणि साहेबांचा उल्लेखही न करता नवं पान लिहायचं. तिने तसं लिहिलं आणि संध्याकाळी वडिलांना वाचून दाखवलं.

“साहेबांचं नाव कुठंय?” त्यांनी विचारलं.

“गाळलं, बाबा. ते नाव असेपर्यंत संगणक तुमचं नाव धरणार नाही.”

“खाटेला चाकं लावायचं त्यांनी काढलं. त्याशिवाय ब्रेक कशाला लागला असता?”

“त्यांनी तुमचं नाव गाळलंच ना?”

“गाळलं. म्हणून तर मला माहितीये, ते कसं लागतं.”

तिने परोपरीने समजावलं, शेवटी आवाजही चढवला. ते हटले नाहीत. मनातल्या मनात संगणकाला, साहेबांना आणि बापालाही शिव्या घालत तिने साहेबांचं नाव परत लिहिलं आणि जुनी दोन्ही न काढताच पान टाकलं.

दुसऱ्या दिवशी खात्री सत्त्याण्णव झाली.