उभ्या नाशकात कुणाला येणार नाही

कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, ही ह्यांची खोड. आयुष्यभर सातपूरच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते ना! रिटायर झाले तेव्हा किल्ल्यांचा जुडगा कंपनीत राहिला आणि खोड तेवढी घरी आली. मी कोपऱ्यावर भाजीला गेले तरी आतून कडी. "अहो, मीच आहे," म्हटल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत चोराने न्यावं असं होतं काय, डोंबल! पण सांगायचं कुणाला?

अशा माणसाच्या हाती ते वायफाय आलं.

नीट सांगते. आमची एकुलती एक निकिता लग्न होऊन अमेरिकेला गेली. जाताना बापाला लॅपटॉप घेऊन दिला, वर कॅमेरा असलेला. दर रविवारी सकाळी ती त्यात दिसायची. हे अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढ्यात बसायचे. खाली लेंगाच, पण वर इस्त्रीचा शर्ट! माझ्याशी बोलायला कधी घातला नाही मेला. मग दोन हजार नऊच्या पावसाळ्यात वीज पडली आणि लॅपटॉपची नेटची वायर खुपसायची खाच जळाली. दुकानदार म्हणाला, आता बिनवायरचंच घ्या. तसं ते वायफायचं डबडं घरात आलं. हॉलच्या भिंतीवर, सासूबाईंच्या फोटोखाली बसवलं. त्या फोटोपुढच्या लाल बल्बसाठी तिथे प्लग होता, म्हणून.

तेव्हा पेपरात सारखं येत होतं. कुणाच्या तरी उघड्या नेटवरून भलत्यानेच मेल धाडले आणि पोलीस घरमालकाच्या दारात उभे. झालं! ह्यांनी पासवर्ड लावला. मी म्हटलं, मलाही सांगून ठेवा. तर म्हणाले, "पासवर्ड सांगायचा नसतो. लिहून ठेवायचा तर त्याहून नसतो. लोक बायकोचं नाव ठेवतात, जन्मतारीख ठेवतात, चोर आधी तेच बघतो. मी असा ठेवलाय, उभ्या नाशकात कुणाला येणार नाही." आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी म्हटलं, ठेवा तुमचं तुमच्यापाशी, मला कुठे अमेरिकेचं राज्य चालवायचंय!

दिवाळीच्या तोंडावर लॅपटॉपात व्हायरस शिरला. दुकानदाराने आतलं सगळं पुसून परत नवं भरून दिलं. घरी गेल्यावर पासवर्ड एकदा टाकावा लागेल, असंही बजावलं. हे घरी आले, लॅपटॉप टेबलावर ठेवला, हातपाय धुवायला आत गेले, आणि बाथरूममधून धाडकन आवाज आला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यात ठेवलं, मग डॉक्टरच म्हणाले, घरी न्या. मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजी, फार आशा धरू नका. ज्यांना भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या." कुणाला बोलावू? निकिताला आठवा महिना. तिकडच्या डॉक्टरणीने विमानाचं नावसुद्धा काढू नको म्हणून दम दिलेला. फोनवर पोरीने हंबरडा फोडला. "आई, मला बाबांना एकदा बघू दे! बाबांना मी दिसू दे! लॅपटॉप लाव ना गं!"

एवढंच हवं होतं हो. बापाने लेकीला बघायचं, लेकीने बापाला. दुसरं देवाकडे मी काही मागितलं नाही.

वरच्या मजल्यावरची ललिता धावत आली. बँकेत आहे ती, तिच्या घरी नेट नाही पण तिला ह्यातलं कळतं. लॅपटॉप उघडला तर त्यात आमच्या वायफायचं नाव दिसत होतं आणि शेजारी कुलपाचं चित्र. "काकू, पासवर्ड?" मी कपाळाला हात लावला. निकिताला विचारलं, तिलाही नव्हता सांगितला. मग आम्ही सुरू झालो. निकिताचं नाव, त्यापुढे तिचं जन्मसाल. ह्यांचं नाव. माझं, वत्सला. सासूबाईंचं. काळारामाचं. कंपनीतला बिल्ल्याचा नंबर, स्कूटरचा नंबर. "आठ अक्षरं तरी लागतात, काकू. घरातली नावं सगळी झाली ना?" "झाली गं बाई, सगळी झाली." कुलूप काही हलेना.

त्या डबड्याला मागे एक बारीक भोक असतं म्हणे. त्यात टाचणी दाबून धरली की पासवर्ड पुसला जातो. पण त्याबरोबर नेटवाल्यांनी भरून दिलेलंही सगळं जातं, आणि ते परत भरायला त्यांचाच माणूस लागतो. ललिता त्यांच्या ऑफिसात जाऊन भांडून आली. कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः यावं, आणि माणूस येईल तो दिवाळीनंतर. "अहो, ते अंथरुणाला खिळलेत!" "मॅडम, रूल आहे." रूल! जळो मेला तो रूल. ह्यांनाच उचलून सायबर कॅफेत न्यावं म्हटलं तर डॉक्टर म्हणाले, जिन्यातच जातील.

पलंग हॉलमध्येच टाकला होता, मी उशाशी बसून विनवत राहिले. "अहो, निकिताला बघायचंय ना? पासवर्ड काय ठेवलाय हो?" डोळे माझ्यावर खिळलेले, ओठ थरथरायचे, आणि नुसती हवा बाहेर यायची. शेवटी मी नाद सोडला. संध्याकाळी पेज भरवत होते. एकाएकी त्यांनी चमचा बाजूला सारला, कपाळाची शीर फुगली, आणि आवाज आला. "चांगुणा."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. चांगुणा म्हणजे मी. माझं माहेर हरसूलकडचं, एवढंसं खेडं, आणि तिथे मी चांगुणा. लग्नात सासूबाई म्हणाल्या, असलं गावंढळ नाव आमच्यात चालायचं नाही. ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी त्यावर अंगठीने 'वत्सला' लिहिलं, पेढे वाटले, संपलं. चांगुणा तिकडेच राहिली. ती नाशकात आलीच नाही. पुढे आई गेली, वडील गेले, भाऊ गेला, तसं त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही. आणि ह्यांनी तर मला वत्सला म्हणूनही कधी हाक मारली नाही. "अगं ए." "ऐकलंस का." बस्स.

त्या तोंडून "चांगुणा"! माझ्या काळजात काय झालं ते मला सांगता यायचं नाही. पासवर्ड विसरले, नेट विसरले. पेजेचा वाडगा खाली ठेवला, त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "ओ! इथेच आहे हो मी."

त्यांनी मान हलवली. नाही, नाही, अशी. पुन्हा म्हणाले, "चांगुणा."

"हो, मीच. तुमची चांगुणा."

डावा हात पलंगावर आपटला त्यांनी. मग तो हात उचलून भिंतीकडे नेला. भिंतीवर सासूबाईंचा फोटो. मला रडूच कोसळलं. वाटलं, आईला सांगतायत. तू हिचं नाव काढून घेतलंस, मी परत देतोय. मी पदराने डोळे पुसत फोटोकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ऐका सासूबाई, ऐका आता!

डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात कधीकधी एखादाच शब्द शिल्लक राहतो. मग काय, आल्यागेल्याला मी सांगत सुटले. नणंदेला सांगितलं, ललिताला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा. "सगळे शब्द गेले हो, माझं नाव तेवढं राहिलं बघा." केवढी मिरवले मी. नवरा मरायला टेकलेला, आणि मी नव्या नवरीसारखी मिरवत होते.

पाडव्याला त्यांना इस्त्रीचा शर्ट घातला. एक हात बाहीत जाईना, तो तसाच खांद्यावरून टाकला. निरांजन ओवाळलं. पाडव्याला नवरा बायकोच्या ताटात काहीतरी घालतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोडून तोडून, पोराला शिकवावं तसं म्हणाले, "चां... गु... णा." मी म्हटलं, "मिळाली हो ओवाळणी. जन्माची मिळाली." ते रडायला लागले. मीही रडले. मला वाटत होतं, आम्ही दोघं एकाच गोष्टीसाठी रडतोय.

त्याच दिवशी निकिताचा फोन त्यांच्या कानाला लावला. "बाबा! बाबा, मी!" तर हे फोनात ओरडले, "चांगुणा! चांगुणा!" मी फोन घेतला. निकिता विचारते, "आई, चांगुणा कोण?" पोटची पोर, तिलाही ठाऊक नव्हतं. मी चक्क लाजले. "मीच गं. माहेरचं नाव." ती रडता रडता हसली. "अय्या, बाबा किती गोड!" ह्यांनी ते ऐकलं. मी फोन पुन्हा कानाशी नेला तर हाताने ढकलून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते बोलले नाहीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा चमचा ओठांशी नेला, तर आत काही गेलं नाही.

तेरावं झाल्यावर ललिता आली. लॅपटॉप समोर घेऊन म्हणाली, "काकू, नेट बंद करायला सांगू का? की तुम्हाला निकिताशी बोलायला ठेवायचं?" मी म्हटलं, बघ तुला काय वाटतं ते. इकडचं तिकडचं बोलत बसली. मग म्हणाली, "शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होते ना काका? वत्सला, वत्सला."

"वत्सला नव्हे गं. चांगुणा. ते माझं माहेरचं."

ललिताचा चहाचा कप तोंडाशी थांबला. खाली ठेवला तिने. काहीतरी पुटपुटत बोटांवर मोजलं, हळूच लॅपटॉप जवळ ओढला आणि इंग्रजीतून टाईप केलं. आठ अक्षरं होतात इंग्रजीत. कुलपाचं चित्र गेलं. डबड्यावरचा दिवा लुकलुकायला लागला, सासूबाईंच्या फोटोखाली. आता शेजारी ह्यांचाही फोटो होता, हार घातलेला.

"काकू," एवढंच म्हणाली ती. मला कळायला वेळ लागला. आणि मग कळलं. मान का हलवत होते ते कळलं. हात का आपटत होते ते कळलं. भिंतीवर काय दाखवत होते ते कळलं.

ललिता म्हणते, "काकू, केवढं प्रेम! तुमचं नाव ठेवलं होतं काकांनी." प्रेम? अगं, उभ्या नाशकात कुणाला येणार नाही म्हणून ठेवलं होतं ते! बाजारात कुणी म्हणत नाही, घरात कुणी म्हणत नाही, मेलेलं नाव, त्याहून भक्कम कुलूप कुठलं मिळणार? तो माणूस मला हाक मारतच नव्हता. त्याला लेक बघायची होती. जन्मात कुणाच्या हाती किल्ली दिली नाही, ती माझ्या हाती देत होता, परत परत देत होता. आणि मी "ओ, ओ" करत बसले. काय करू मी? कुणावर चिडू?

निकिताला मी काही सांगितलं नाही. नेटवाल्यांचा माणूस येऊन गेला म्हटलं, तिला पटलं. रविवारी दिसते ती. स्वच्छ दिसते, अगदी कानातलेसुद्धा. मी बघते आणि मला वाटतं, हे बघायला हवं होतं त्यांनी. मग मी लवकर बंद करते.

तिला मुलगी झाली. परवा पाळण्यात घालायचं ठरलं, तेव्हा बाळाला कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "आई, हिचं नाव चांगुणा ठेवते. बाबांचा शेवटचा शब्द होता ना!"

मी म्हटलं, "काहीही ठेव, तेवढं ठेवू नकोस."

"का गं?"

तिच्या मागे खिडकीत ऊन होतं. बाळाने जांभई दिली. मी म्हटलं, "गावंढळ आहे."