ज्याने त्याने आपली चूक

सोमवारच्या फिल्मला आसावरीचा एकच नियम होता. ज्याने त्याने उभं राहून आपली चूक सांगायची. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. चूक सांगून झाली की त्या दिवशीच्या सरावानंतर मैदानावरची धडका मारायची सगळी जाड पॅडं गोळा करून शेडमध्ये नेऊन ठेवायची, एवढीच शिक्षा. ओरडणं नाही, टोमणे नाहीत. ओहायोतल्या डब्लिनच्या त्या हायस्कुलात फुटबॉलचे सहा कोच होते आणि बाकीचे पाचही ओरडायचे, त्यामुळे मुलांना आसावरीच्या वर्गात बरं वाटायचं.

वर्ग केमिस्ट्रीचा. दिवसभर ती तिथे शिकवायची आणि शाळा सुटली की त्याच पडद्यावर शुक्रवारच्या सामन्याचं चित्रण, म्हणजे ती फिल्म, लावायची. आसावरी धर्माधिकारी हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मुलांनी तिचं 'कोच डी' केलं होतं. सहा वर्षांची असताना ती डॉक्टर आईवडिलांबरोबर नागपूरहून ओहायोत आली, कॉलेजात सॉकर खेळली, आणि तीन वर्षांपूर्वी मुलांना नुसती किक शिकवायला म्हणून मैदानावर गेली ती पुढे सगळी स्पेशल टीम्सच तिच्याकडे आली. इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन पळायचं असतं. पळून जमेना, की ही वेगळी तुकडी उतरते; मधला खेळाडू चेंडू मागे फेकतो आणि मागचा तो लाथेने लांब उडवून देतो. तो पंट. महाराष्ट्र मंडळातल्या काकूंना ती सांगायची, "काही सुचेनासं झालं की आमची पोरं येतात."

या मोसमात त्या पोरांचे तीन पंट अडवले गेले, म्हणजे 'ब्लॉक' झाले होते. समोरचा खेळाडू रांग फोडून आत यायचा आणि चेंडू पायावरून सुटतो न सुटतो तोच त्यावर झेप घ्यायचा. तीनपैकी दोनदा त्यातूनच सामना गेला.

मुख्य कोच हॅलरन शनिवारीच तिला म्हणाला होता, "मला नाव हवंय. वरचे लोक विचारतायत, पालक विचारतायत. मंगळवारपर्यंत सांग, कुणाला बाकावर बसवायचं."

नाव कुणाचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पंट मारणाऱ्याच्या पुढे मार्कस उभा असायचा. रांग फोडून कुणी आत आलाच तर त्याला थोपवणारा शेवटचा माणूस. मार्कसचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष होतं, आणि येत्या शुक्रवारी एका लहानशा कॉलेजचा माणूस त्याला आपल्या संघासाठी पाहायला येणार होता.

सोमवारी तिसऱ्या पंटची क्लिप लागली तेव्हा मार्कस न सांगताच उठून पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"माय बॅड, कोच. आय वॉज लेट."

"उशीर कशामुळे झाला?" तिने इंग्रजीतच विचारलं.

"माहीत नाही. मी वळलो तर तो आलेलाच होता."

तो जागेवर गेला आणि मागून ऋषी उठून तिथे आला. पंट मारणारा तोच. "माय बॅड," तोही म्हणाला.

आसावरीने क्लिप मागे नेली. ऋषीने चेंडू नीट झेलला होता, दोन पावलं टाकली होती, वेळेत पाय उचलला होता. तिने पुन्हा मागे नेली. चूक सापडेना.

"तुझं काय चुकलं?"

"एव्हरीथिंग, आय गेस."

मुलं हसली. आसावरी हसली नाही. तिच्या वर्गात रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क मिळत नसत.

सोमवारी ऋषीला घरी सोडायचं काम तिच्याकडे असे. त्याची आई नेत्रा ही आसावरीची जुनी मैत्रीण. सोमवारी नेत्राची ऑफिसची मीटिंग लांबायची. मैदानावर 'कोच' म्हणणारा ऋषी गाडीचं दार लावलं की 'मावशी' म्हणू लागे. ते दोघांनी कधी ठरवलं नव्हतं.

"आज खोटं का बोललास?" गाडी रस्त्याला लागल्यावर तिने विचारलं.

"खोटं नाही गं. मार्कस एकटाच उभा होता. इट फेल्ट वियर्ड."

"तुझी चूक नव्हती, आणि तू आहे म्हणालास. याला काय म्हणायचं?"

"मग काय म्हणू? रूल आहे ना. ओन्ली युअर ओन."

सिग्नल लागला. ऋषी बॅगेच्या चेनशी खेळत होता.

"मावशी, कॅन आय से समथिंग अबाउट कोच डी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो गंमत करत नव्हता.

"कोण कोच डी?"

"आहे एक. व्हेरी स्ट्रिक्ट."

"बोल. पण मी तिला सांगेन हं."

"सांग ना. तेच तर पाहिजे." त्याने चेन सोडली. "ती पंटच्या आधी हात वर धरते ना? तिने हात खाली केला की मार्कस हाक देतो, अँड द बॉल कम्स. एव्हरी सिंगल टाइम. शुक्रवारचा तो थर्टी-नाइन नंबर बॉलकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. सिग्नल हिरवा झाला होता.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या ब्लॉकपासून. मार्कसला पण माहितीये."

"आणि तुमच्यातलं कुणी बोललं नाही."

"कसं बोलणार? ती आमची चूक नाही ना. इट्स युअर्स. आय मीन, तिची."

तो उतरताना नेहमीसारखं "थँक्स, मावशी" म्हणाला आणि जरा घाईनेच दाराकडे गेला.

घरी आल्यावर आसावरीने कुकर लावला आणि ओट्यावरच लॅपटॉप उघडला. हात वर धरायची पद्धत तिचीच. दुसऱ्या सामन्यात घाईगडबडीत दहाच मुलं मैदानात उतरली होती, तेव्हापासून तिने ठरवलं होतं: मी अकरा डोकी मोजेन, मोजेपर्यंत हात वर, मग खाली. त्यानंतर एकदाही माणूस कमी पडला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता.

तीन ब्लॉकपैकी दोन डावीकडून आले होते, एक उजवीकडून. त्यात काही सूत्र नाही, असं तिनेच शनिवारी हॅलरनला सांगितलं होतं. आता तिने डावंउजवं सोडून दिलं आणि आपण कुठे उभ्या होतो ते पाहिलं. क्वार्टर संपून संघ बाजू बदलतात तेव्हा डावीची उजवी होते. बाक मात्र जागचे हलत नाहीत. तिन्ही ब्लॉक तिच्या बाकाच्या बाजूने आले होते. शुक्रवारच्या क्लिपमध्ये चित्राच्या अगदी कडेला तिच्या जॅकेटची बाही दिसत होती. बाही खाली येत होती, आणि एकोणचाळीस नंबरचं हेल्मेट तिच्याकडे वळलेलं होतं.

कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. भाताचा गिचका झाला.

हात बंद करणं सोपं होतं. त्यासाठी कुणाला काही सांगायची गरज नव्हती. हॅलरनला मार्कसचं नाव द्यायचं, शुक्रवारी हात खिशात ठेवायचे. पंट सुटला असता आणि मार्कसला बसवल्यामुळेच सुटला असं सगळ्यांना वाटलं असतं. ताटावर बसल्यावरही ही गोष्ट तिच्या मनातून जाईना. ती वाईट वाटण्याइतकी सोपी होती.

मंगळवारी पहिल्या तासाआधी ती हॅलरनच्या खोलीत गेली.

"मार्कस?" त्याने विचारलं.

"मी," आसावरी म्हणाली, आणि लॅपटॉप त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तिन्ही क्लिपा दोनदा पाहिल्या. मग खुर्चीत मागे रेलला.

"हे ऐकायला कोण कोण टपलेलं आहे, माहीत आहे ना तुला?"

माहीत होतं. केमिस्ट्रीच्या बाईच्या हाती स्पेशल टीम्स कशाला, असं म्हणणारे पालक सामन्याच्या वेळी तिला ऐकू जाईल अशाच बेताने बोलत.

"मुलाचं नाव दिलं तर लोक आठवड्यात विसरतील," हॅलरन म्हणाला. "तुझं दिलं तर विसरणार नाहीत."

"मार्कस विसरणार नाही."

त्याने लॅपटॉप मिटला. "मला वर कळवावं लागेल."

"कळवा."

"हा मोसम संपेपर्यंत तू आहेस. पुढचं मी आत्ता सांगू शकत नाही." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि प्लीज, यापुढे हात खिशात ठेव."

बुधवारी तिने मुलांना पुन्हा वर्गात बोलावलं. रिमोट ऋषीच्या हातात दिला आणि मुलं चूक सांगायला जिथे उभी राहत तिथे ती स्वतः जाऊन उभी राहिली. नुसतं 'माय बॅड' म्हणून ती थांबली नाही. हात का सुरू केला, समोरच्यांनी तो कसा हेरला, तिन्ही वेळा ते कुठून आले, हे तिने एकेक क्लिप दाखवून सांगितलं. शेवटी म्हणाली, "मार्कसला उशीर झाला नव्हता. समोरचा लवकर निघाला होता, आणि त्याला लवकर मी काढलं."

पहिल्या बाकावरचा मार्कस आपल्या बुटांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली.

"कोच, मग आज पॅडं कोण उचलणार?"

सगळा वर्ग हसत सुटला. आसावरीही हसली.

"मीच," ती म्हणाली. "आणि नियम बदललाय. आजपासून ज्याला जे दिसलं ते त्याने सांगायचं. माझं, तुमचं, कुणाचंही. फक्त दिसलेलं, वाटलेलं नाही."

मार्कसचा हात लगेच वर. "ऋषी डोळे मिटून टॅकल करतो."

"एकच डोळा!" ऋषी ओरडला.

त्या संध्याकाळी पॅडं शेडमध्ये नेताना तिला पाच फेऱ्या माराव्या लागल्या. कुणी मदतीला आलं नाही. नियमच तसा होता, आणि तो तिचाच होता.

शुक्रवारी स्टँड भरलेले होते. आसावरी दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घालून उभी होती. डोकी ती अजून मोजत होती, पण खिशातल्या खिशात, बोटांवर. अकरा पुरे नसते तर आरडाओरड करायची, एवढंच तिच्याकडे उरलं होतं. चेंडू कधी मागे यायचा ते आता मार्कस ठरवणार होता, दर वेळी वेगळं. पहिले दोन पंट बरे गेले.

तिसऱ्याची वेळ आली तेव्हा संघ आपल्याच गोलरेषेला टेकला होता. अडवला गेला असता तर सामना तिथेच संपला असता. समोरचा कडेचा खेळाडू वाकून उभा राहिला आणि त्याने मान वळवून सरळ आसावरीकडे पाहिलं. त्यांनीही तिची फिल्म पाहिली होती. तिचा उजवा हात खिशात आपोआप आवळला. सवय बोटांत होती. तिने तो तसाच दाबून धरला. तो मुलगा वाट बघत होता. ती त्याच्याकडे बघत होती, तो तिच्याकडे, आणि मार्कसची हाक आली. त्या मुलाची मान चेंडूकडे वळेपर्यंत ऋषीचा पाय उचललेला होता. चेंडू दिव्यांच्या वर गेला आणि पार मध्यरेषेपलीकडे पडला.

पळत बाकाकडे येताना ऋषीने तिच्या खिशांकडे बोट दाखवलं. "नाइस हँड्स, कोच."

सामना ते तीन गुणांनी हरले. कॉलेजचा माणूस मात्र लगेच गेला नाही. कुंपणाशी उभा राहून तो मार्कसशी बराच वेळ बोलला. वरून आसावरीबद्दल काही आलं का, असं तिने हॅलरनला विचारलं नाही, आणि त्यानेही काही सांगितलं नाही.

सोमवारी फिल्म लागली. चार जणांनी आपापल्या चुका सांगितल्या, दोघांनी एकमेकांच्या. मग मागून ऋषी म्हणाला, "कोच, सेकंड क्वार्टर. दुसरा पंट. युअर लेफ्ट हँड."

"काय झालं डाव्या हाताला?"

"बाहेर आला होता."

"शक्यच नाही," आसावरी म्हणाली आणि क्लिप मागे नेली. चित्राच्या कडेला तिची डावी बाही दिसली. हात मनगटापर्यंत खिशाबाहेर होता.

सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. ती टेबलामागून निघाली आणि मुलं उभी राहतात त्या जागी जाऊन उभी राहिली.

"पॅड्स, कोच," मार्कस म्हणाला.