होमाखालची जमीन

वेंकोबा गवंड्यानं हातातल्या करणीच्या मुठीनं जमीन पुन्हा ठोकून पाहिली. भिंतीकडे जमीन खणखणीत वाजत होती, मधोमध आलं की नुसती डबडब. बोटानं खरवडलं तर सिमेंटची भुकटी निघाली.

"मामा, किती वेळ ऐकत बसणार? सीक्रम, लवकर करा! प्लायवुड टाकू, वर फळ्या ठोकू. कोणाला कळतंय?" दाराशी फळ्यांचे गठ्ठे सोडत बालाजीराव म्हणाला. तो वेंकोबाचा जावई. कंत्राट त्याचं होतं, आणि सासऱ्याला कामावर ठेवल्याचा उपकार तो दिवसातून दोनदा तरी चेहऱ्यावर आणी.

"अरे, इथे पोरी नाचणार. महिन्याभरात खाली पीठ होईल."

अण्णा नगरातला हा वरच्या मजल्यावरचा हॉल श्रीविद्याच्या नृत्यवर्गासाठी होता. सहाव्या दिवशी विजयादशमी. शिक्षणाचा श्रीगणेशा त्याच दिवशी करायचा, ही इथली, दक्षिणेतली रीत. बावीस नव्या मुली यायच्या होत्या. मुहूर्ताचं नाव निघालं की वेंकोबा विषय बदलायचा.

कारण ही जमीन त्यानंच केली होती, अकरा वर्षांपूर्वी, श्रीविद्याच्या वडिलांसाठी. सिमेंटच्या कोब्याला सात दिवस पाणी मारायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण गृहप्रवेश चौथ्या दिवसावर आलेला. ओल्यावर पाहुणे घसरतील, म्हणून त्यानं तिसऱ्या दिवशी पाणी बंद केलं. मग बरोब्बर मधोमध विटा मांडून होम पेटला, त्याच्या आचेनं कच्चा कोबा आतून सुकला. पुढे वर टाइल्स बसल्या आणि चूक झाकली गेली. काल त्या उखडल्या, आणि ती तशीच समोर आली.

श्रीविद्या कॉफी घेऊन आली. "अप्पा शेवटपर्यंत म्हणायचे, वेंकोबाच्या हातची जमीन, काळजी नको. म्हणून तुम्हालाच बोलावलं, मामा."

बालाजीरावनं डोळे वटारले. वेंकोबाला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. आयुष्यभर गुडघ्यांवर बसून शेकडो जमिनी केल्या. नाव निघत होतं ते या एका घरात. गप्प बसलं तर ते टिकणार होतं.

त्यानं कॉफी घेतली नाही.

"अम्मा, खाली पोकळ आहे. मीच केलं तसं. मुहूर्तासाठी पाणी तोडलं, अप्पांना सांगितलं नाही."

"अय्यो! आणि हे आज सांगता? सहा दिवसांत होईल?"

"नाही. फोडून नवा कोबा, सात दिवस पाणी, मग महिनाभर तरी वाळायला हवा. ओल्यावर लाकूड फुगतं."

तिनं पायानं ती भुकटी बाजूला सारली. "हे ऐकायला अप्पा नाहीत ते बरं," म्हणाली आणि आत गेली.

"झालं समाधान?" बालाजीरावनं फळ्या पुन्हा बांधल्या. "आता तुमचं तुम्ही निस्तरा. माझ्या कामावर येऊ नका."

वेंकोबानं एकट्यानं जमीन फोडली. तिसऱ्या दिवशी नवा कोबा घातला.

विजयादशमीला वर्ग गच्चीवर भरला. उन्हानं पाय भाजू नयेत म्हणून सतरंज्या अंथरल्या होत्या. नव्या कोब्याचा आज तिसरा दिवस होता, मागच्या वेळी पाणी तोडलं होतं तोच. खाली हॉलमध्ये छतातून बावीस मुलींच्या पावलांचा आवाज येत होता, थोडा मागेपुढे, अजून ताल न सापडलेला. वेंकोबा वाकून पाणी मारत होता.

गच्चीचा जिना चढताना श्रीविद्या हॉलच्या दाराशी थांबली. आत आली नाही.

"उद्या येणार?"

"सातव्या दिवसापर्यंत, अम्मा."

ती वर गेली. वेंकोबानं पुन्हा बादली भरली.